क्यार, महा आणि टिकल्यांचं पाकीट

माझ्या बायकोच्या टिकल्यांचं एक अख्खं पाकीट २०१९ च्या दिवाळीत अरबी समुद्रात गेलं. वाहून गेलं नाही. मी स्वतः एकेक टिकली सोलून तिथं चिकटवली.

त्या वर्षी दिवाळीला जोडून मालवणला स्कूबा डायव्हिंगला जायचं आम्ही ठरवलं होतं. ‘आम्ही’ हे नुसतं म्हणायला. ठरवलं मुलानं, ॲडव्हान्स भरला मी आणि “तुम्ही दोघं काय बुडायचं ते बुडा, मी काठावर चपला सांभाळते,” असं म्हणून हिनं मंजुरी दिली. बेत असा होता: २९ ऑक्टोबरला भाऊबीज, कोल्हापुरात मेहुण्याच्या घरी. ३० ला सकाळी गगनबावड्याचा घाट उतरून मालवण. ३१ ला सकाळच्या बोटीनं सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या खडकांपाशी जायचं, वीस मिनिटं पाण्याखाली राहायचं आणि वर यायचं. वीस मिनिटांसाठी पुण्याहून जाऊन-येऊन सातशेच्या वर किलोमीटर. पण हिशेबच करायचा तर पंढरपूरचंही तसंच आहे. चालायचं अठरा-वीस दिवस आणि पायावर डोकं टेकायला मिळतं दोन सेकंद.

पन्नाशीतला माणूस नवीन काही शिकायला निघाला की आधी सामान घेतो. मी मास्क घेतला. तिथं सगळं मिळतं हे मला माहीत होतं, पण दुसऱ्याच्या नाकावरून उतरलेला मास्क आपल्या नाकावर चढवायचा हे काही बरं वाटेना. नव्या मास्कच्या काचेवर कारखान्यातला एक तेलकट थर असतो. तो घालवला नाही तर पाण्यात काच धुरकटते, आणि तो घालवायला पांढरी टूथपेस्ट चोळतात. चार दिवस मी सकाळी उठून आधी मास्कला आणि मग दातांना पेस्ट लावत होतो. त्यानंतर मास्क चढवायचा, श्वास रोखायचा आणि बादलीत तोंड बुडवायचं. एकदा सराव चालू असतानाच बेल वाजली आणि मी तसाच दार उघडायला गेलो. दूधवाल्यानं पिशवी माझ्या हातात दिली नाही, उंबऱ्यावर ठेवली.

खुणा मुलानं शिकवल्या. पाण्याखाली बोलता येत नाही, म्हणून हातानं सांगायचं. अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल केला की ‘सगळं ठीक’. अंगठा खाली म्हणजे ‘खाली चला’. अंगठा वर म्हणजे ‘मला वर न्या’.

“बाबा, अंगठा वर म्हणजे ‘मस्त’ नाही हं. लक्षात ठेवा.”

मी लक्षात ठेवलं. म्हणजे त्या वेळी मला तसं वाटलं. व्हॉट्सॲपवर वाढदिवसापासून निधनवार्तेपर्यंत सगळ्याला वर केलेला अंगठा पाठवणारा माणूस आहे मी.

तर सगळी तयारी झाली होती. समुद्र मात्र आमच्या बेतात कुठं नव्हता.

२१ ऑक्टोबरला विधानसभेचं मतदान झालं आणि २४ ला निकाल लागला. त्या दिवशी टीव्हीवर वर आकडे होते, मध्ये आरडाओरडा होता आणि तळाच्या पट्टीतून एक ओळ निमूटपणे सरकत होती: अरबी समुद्रात डिप्रेशन तयार झालं आहे. सगळा महाराष्ट्र वरचं बघत होता. मी एकटा खालचं वाचत होतो.

“कोण येतंय?” हिनं स्वयंपाकघरातून विचारलं.

“अजून नाव ठेवलेलं नाही,” मी म्हणालो.

नाव दुसऱ्या दिवशी ठेवलं गेलं. क्यार. मी घाईघाईनं ऑफिसातून घरी फोन केला आणि म्हणालो, “क्यार!” पलीकडून ही म्हणाली, “काय रे म्हणे! ऑफिसात कोणी ऐकलं तर काय म्हणतील?” लग्नाला पंचवीस वर्षं झाल्यावर नवऱ्यानं अचानक ‘काय रे’ म्हणावं याचं तिला बरं वाटलं की वाईट, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही.

क्यार हा ब्रह्मदेशातला शब्द. अर्थ वाघ. आपल्या बाजूच्या समुद्रांत येणाऱ्या वादळांसाठी आठ देशांनी प्रत्येकी आठ अशी चौसष्ट नावं देऊन ठेवली होती आणि २००४ पासून ती ओळीनं वापरली जात होती. बाळ जन्माला यायच्या आधी बारशाची सगळी तयारी. तेव्हा पाळी म्यानमारची होती, म्हणून वाघ आला. त्यामागे ओमाननं दिलेलं ‘महा’ उभं होतं, मग पाकिस्तानचं ‘बुलबुल’, मग श्रीलंकेचं ‘पवन’. वाघ सोडला तर ही नावं लग्नाच्या पत्रिकेत ‘आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं’ या ओळीखाली सहज खपली असती.

वादळांना बढती कशी मिळते हेही मी त्या आठवड्यात शिकलो. आधी कमी दाबाचं क्षेत्र. मग डिप्रेशन, मग डीप डिप्रेशन. वारा ताशी ६२ किलोमीटरला पोचला की चक्रीवादळ, आणि नाव मिळतं ते इथं. पुढं तीव्र, अतितीव्र, अत्यंत तीव्र, आणि २२२ ची पायरी गाठली की महाचक्रीवादळ. मला बँकेत क्लार्कचा मॅनेजर व्हायला एकोणीस वर्षं आणि चार बदल्या लागल्या. क्यार २४ तारखेला डिप्रेशन होतं आणि २७ ला महाचक्रीवादळ. परीक्षा नाही, मुलाखत नाही, गडचिरोलीची पोस्टिंग नाही.

आता टिकल्यांकडे येतो. वादळ कुठं आहे ते फोनवर दिसत होतं, पण फोनवरचं दिसणं म्हणजे खरं दिसणं नव्हे. बोट लागलं की समुद्र सरकतो आणि आपण एकदम मादागास्करला जाऊन पोचतो. मी मुलाचा शाळेतला नकाशासंग्रह माळ्यावरून काढला, त्यातलं अरबी समुद्राचं पान फाडून भिंतीवर लावलं आणि खुणेला काही सापडेना म्हणून आरशावरच्या पाकिटातून एक लाल टिकली घेतली. रत्नागिरीच्या पश्चिमेला, साधारण दोनशे किलोमीटरवर, ती लावली. निळ्या समुद्रात लाल टिकली. अरबी समुद्राला एकदम सवाष्णीची कळा आली.

वादळाच्या दिवसांत हवामान खातं दर तीन तासांनी पत्रक काढतं. मी दर तीन तासांनी टिकली काढत होतो. झालेल्या वाटचालीला लाल, अंदाजाला मरून. बँकेत जाताना रोज मी सिमला ऑफिस चौकातून जातो. हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ साली शिमल्याहून पुण्यात आलं, म्हणून त्या दगडी इमारतीचं नाव अजून सिमला ऑफिस आहे. मुख्यालय पुढं दिल्लीला गेलं, चक्रीवादळांचे इशारेही तिथूनच निघतात, हे मला ठाऊक होतं. तरी त्या आठवड्यात सिग्नलला थांबलो की मी त्या इमारतीकडे बघायचो. डॉक्टर आतून बाहेर येऊन काही सांगतील का, अशा नजरेनं. दवाखान्याबाहेर बसलेले नातेवाईक बघतात तसं.

खात्याची तक्रार करायला खरं तर जागाच नव्हती. क्यार किनाऱ्यावर न येता ओमानच्या दिशेनं वळेल, असं ते २५ तारखेलाच सांगत होते. पण आपल्या माणसानं सांगितलेलं इतकं सरळ असेल यावर आपला विश्वास बसत नाही. दुसरं मत घ्यायचं म्हणून मी विंडी नावाचं ॲप घेतलं. तिथं मला दोन मतं मिळाली. एक युरोपियन मॉडेल, एक अमेरिकन मॉडेल. वादळ एकच, पण एक त्याला सरळ ओमानला पाठवायचं आणि दुसरं मध्येच रेंगाळत ठेवायचं. ज्या घरात दाते पंचांग आणि टिळक पंचांग यांवरून गणपती कधी बसवायचा याचा वाद झालेला आहे, त्या घरातल्या माणसाला याचं आश्चर्य वाटू नये. आमच्याकडे ज्या पंचांगात सुट्टी जुळते ते खरं मानायची पद्धत आहे. मी तसंच केलं. ज्या मॉडेलमध्ये ३१ तारखेला मालवणपुढचा रंग हिरवा दिसे, ते त्या दिवसापुरतं माझं मॉडेल. अमेरिकन मॉडेल दिवसातून चार वेळा नवा अंदाज देतं, त्यामुळे माझी निष्ठाही दिवसातून चार वेळा बदलत होती. टीव्हीवर सरकार बनवायला बसलेल्या मंडळींबद्दल तेव्हा मी वाईट बोलत नसे ते म्हणूनच.

वादळ स्वतःहून कुठं जात नाही, हेही तेव्हाच कळलं. त्याच्या पोटात कितीही जोर असला तरी भोवतालचे आणि वरचे वारे ढकलतील तिकडे ते जातं. उच्च दाबाची क्षेत्रं जिकडे वाट देतील तिकडे वळतं. “त्याला स्वतःचं मत नसतं, वरून दाब येईल तसं ते दिशा बदलतं,” हे वाक्य त्या आठवड्यात मी टीव्हीवर दोनदा ऐकलं. एकदाच ते हवामानाविषयी होतं.

शिवाय सल्लागार होते. सोसायटीतल्या एका आजोबांनी सांगितलं, की दिवाळीनंतर पाऊस येतच नाही, सत्तर वर्षांचा अनुभव आहे. हे सांगताना त्यांनी डोक्यावर छत्री धरली होती. माझ्या शेजारच्या टेबलावरचे सहकारी बुलढाण्याचे. ते म्हणाले, “आमच्या भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घटमांडणी करून वर्षभराचा पाऊसही सांगतात आणि राजकारणही सांगतात. एका घटात दोन्ही. तुमच्या खात्याला जमतंय का?” कोल्हापूरहून मेहुण्याचा फोन आला.

“दाजी, लोड घेऊ नकासा. वादळ आलं तर आलं. तांबडा-पांढरा हाणायचा आणि झोपायचं.”

“अरे, पण आम्हाला समुद्राच्या आत जायचंय.”

“आत कुठं वारं असतंय?” तो म्हणाला. यावर मला उत्तर सुचलं नाही. विंडीनंही काही मदत केली नाही.

मालवणात ज्यांच्या घरी उतरणार होतो त्या काकांना मी पहिला फोन केला २५ तारखेला. खोल्या त्यांच्या, बोट त्यांच्या पुतण्याची.

“काका, ३१ तारखेला बोट निघेल ना?”

“आज पंचवीस आसा,” काका म्हणाले.

“हो, पण अंदाज काय?”

“अंदाज तुमच्याकडे. माझ्याकडे दर्यो आसा.” मागे कौलांवर पडणाऱ्या पावसाचा आवाज येत होता. “बंदरात तीन नंबरचो बावटो लागलो. होडी वर ओढून ठेवली हा.”

बावट्याची भाषा मी लगेच शोधून काढली. बंदरावर खलाशांसाठी एक ते अकरा नंबरचे इशारे असतात. एक आणि दोन म्हणजे वादळ लांब आहे. तीन म्हणजे बंदरातच सोसाट्याचा वारा अपेक्षित आहे. आठपासून पुढं महासंकट, आणि अकरा म्हणजे हवामान केंद्राशी संपर्कच तुटला. मी हे सगळं काकांना उत्साहानं सांगितलं. ते म्हणाले, “होय काय?” इतक्या सौजन्यानं माझा अपमान कोणी केला नव्हता.

त्यानंतर मी त्यांना रोज फोन करत राहिलो. प्रश्न एकच, बोट निघेल ना. उत्तर एकच, “बघूया.”

२७ तारखेला नरकचतुर्दशी. पहाटे पाचला मी अंगाला तेल लावून पाटावर बसलो होतो. ही उटणं लावत होती आणि मी तेलकट बोटानं उपग्रहाचं चित्र मोठं करायचा प्रयत्न करत होतो. चित्र मोठं होईना, पण दिसत होतं ते पुरेसं होतं. पांढऱ्याशुभ्र ढगांची प्रचंड चकती आणि तिच्या मधोमध एक नितळ, काळा, गोल डोळा. त्याच दिवशी क्यार महाचक्रीवादळ झालं. अरबी समुद्रात असं वादळ २००७ च्या गोनूनंतर पहिल्यांदाच.

“अहो, कारीट फोडा,” ही म्हणाली.

मी डाव्या अंगठ्याखाली कारीट फोडलं. आयुष्यात इतक्या मनापासून मी नरकासुर चिरडला नव्हता. नंतर लक्षात आलं की फोन पाटाशेजारी ठेवला होता आणि कारटाचा कडू रस थेट ओमानवर उडाला होता.

आणि खरोखरच क्यार लांब जायला लागलं. टिकल्या पश्चिमेकडे सरकू लागल्या. पाडव्याला मी ओवाळून घेतलं ते विजयी मुद्रेनं. आपल्याकडून वळलेलं वादळ दुसऱ्या कुणाकडे तरी निघालेलं असतं, हा विचार मनात आला होता; पण पाहुणे गेल्यावर दार लावताना ते आता कुणाकडे जाणार याची चौकशी आपण करत नाही. ओमानवाल्यांचंही नशीब चांगलं. क्यार त्यांच्याकडेही न जाता दक्षिणेला वळलं आणि कुठल्याच जमिनीवर पाय न ठेवता समुद्रातच विरून गेलं. एवढा मोठा वाघ, आणि आठवडाभर नुसता फेऱ्या मारून गेला.

भाऊबीजेला कोल्हापुरात पहिला धक्का बसला. भावाला ओवाळायला ही पैठणी नेसली, आरशासमोर उभी राहिली आणि पाकीट उघडलं. आत पारदर्शक कागद तेवढा उरला होता.

“टिकल्या कुठायत?”

“अरबी समुद्रात,” मी म्हणालो. नकाशा घडी करून माझ्या बॅगेत होता. तिनं तो उघडला, लक्षद्वीपच्या जरा वरची एक मरून टिकली नखानं उचलली आणि स्वतःच्या कपाळाला लावली. “वादळाचा एक अंदाज कमी,” एवढंच म्हणाली. पुढं जे झालं त्याला हाच प्रसंग कारणीभूत आहे, असं माझं ठाम मत आहे. अंदाज काढून घेतला म्हणून वादळ थांबत नाही. उलट नेमकं लक्षद्वीपलाच उठलं.

३० ला सकाळी आम्ही निघालो. करूळचा घाट उतरताना धुकं होतं, घाटाच्या तळाशी पाऊस होता, कणकवलीला पाऊस होता, कसालला पाऊस होता. मी हे सगळं ‘क्यारचं शेपूट’ या सदरात टाकत होतो. मालवणच्या अलीकडे गाडीत रेंज आली आणि मुलगा मागच्या सीटवरून म्हणाला, “बाबा, महा.”

“महा काय?”

“नुसतं महा. लक्षद्वीपला तयार झालंय.”

अरबी समुद्रात एका वेळी दोन वादळं. पलीकडे क्यार विझत होतं आणि अलीकडे महा पेटत होतं. एरवी या समुद्रात वर्षाला सरासरी एखादं चक्रीवादळ येतं. त्या वर्षी पाच आली. पश्चिमेकडचं पाणी नेहमीपेक्षा जास्त तापलं होतं, आणि वादळं गरम पाण्यावरच पोसतात. तरीही वर्षभरात येणाऱ्या पाचांपैकी दोघांनी माझी रजा मंजूर झाली तोच आठवडा निवडावा याला फक्त तापमान कारण नसावं.

काकांच्या घरी पोचलो तर टीव्ही चालू होता. ‘महा’ असं भलं मोठं लिहिलेलं, आणि त्यापुढं बाण. पाच मिनिटं बघूनसुद्धा हे वादळाबद्दल आहे की मंत्रिमंडळाबद्दल ते कळेना. शेवटी निवेदिका म्हणाली, “दिशा अजून स्पष्ट नाही,” तरीही कळलं नाही. मुलगा मात्र एका वेगळ्याच पेचात होता. “म्हणजे क्यार महाचक्रीवादळ होतं, पण महा हे महाचक्रीवादळ नाही?” मी म्हणालो, बरोबर. महा अखेरपर्यंत महा झालंच नाही, अत्यंत तीव्रवरच थांबलं. आयुष्यात पुढं त्याला अशी पुष्कळ महा-माणसं भेटतील, हे मी त्याला तेव्हा सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी, म्हणजे ज्या सकाळी पाण्याखाली असायचं त्या सकाळी, आम्ही चौथऱ्यावर उभे राहून समुद्र बघितला. सरबतात माती कालवावी तसा रंग. वादळ कित्येकशे किलोमीटर लांब असलं तरी त्याच्या लाटा किनाऱ्यापर्यंत येतात, आणि चार दिवसांपूर्वीच्या अमावास्येचं उधाणही अजून पुरतं उतरलेलं नव्हतं. देवबागच्या बाजूला पाणी कुंपणाला लागून गेल्याचं काका सांगत होते. पाण्याखाली स्वतःचा हात दिसला नसता. टूथपेस्टनं घासलेल्या मास्कमधूनसुद्धा.

होड्या वर, म्हणून मासळी नाही. मालवणला येऊन आम्ही दोन दिवस घावणे आणि काळ्या वाटाण्याचं सांबार खाल्लं, तोंडी लावायला सुका बांगडा. अप्रतिम होतं. पण सुरमईसाठी निघालेल्या माणसाच्या चेहऱ्यावर ते दिसत नाही.

त्या संध्याकाळी, काहीतरी कामगिरी दाखवावी म्हणून, मी काकांसमोर नकाशा पसरला. क्यारची टिकल्यांची माळ, वळण, माझे अंदाज, अंदाज किती बरोबर आले ते. अंदाजाभोवती पेन्सिलनं काढलेला शंकूही दाखवला. वादळाचं केंद्र या शंकूत कुठंतरी राहण्याची शक्यता असते. जितका पुढचा दिवस तितका शंकू रुंद, कारण चूकही तितकीच मोठी. काकांनी चष्मा लावला आणि नकाशाच्या उजव्या कडेवरून बोट फिरवत नेलं.

“ह्यात आमची वाडी खंय?”

मी मालवणवर बोट ठेवलं. “ही. बघा, इथं एकसुद्धा टिकली नाही. शंकूच्याही बाहेर आहात. सुटलात तुम्ही, काका!”

“बरा झाला,” काका म्हणाले. मग उठले, आणि मला मागच्या पडवीत घेऊन गेले.

पडवीत जमिनीवर ताडपत्री होती आणि तिच्यावर भात पसरलं होतं. काकी वाकून ते हातानं वर-खाली करत होत्या. कोपऱ्यात टेबलफॅन होता आणि तो भाताकडे तोंड करून फिरत होता. आमच्या खोलीत पंखा का नाही, असं मी दुपारी जरा चढ्या आवाजात विचारलं होतं. काकांनी एक लोंबी उचलून माझ्या तळहातावर ठेवली. दाण्यांना पांढरे कोंब फुटले होते. कापणीच्या तोंडावर आलेलं भात क्यारच्या पावसात आडवं झालं, पाण्यात राहिलं आणि शेतातच रुजलं. हे जे पसरलं होतं ते वाचवून आणलेलं. बाकीचं अजून तिथंच होतं.

“फयानात माणसां गेली,” काका म्हणाले. २००९ च्या नोव्हेंबरातलं ते वादळ कोकणात अजून नावानं ओळखतात. त्यात दर्यावर गेलेले मच्छीमार परत आले नाहीत. “तसा काय नाय झाला. भात तेवढा गेला.”

मी नकाशा तसाच हातात धरून उभा होतो. आठ दिवस मी या वादळाच्या केंद्रामागे फिरलो. त्याचे अक्षांश-रेखांश मला पाठ होते. शंकू फक्त एवढंच सांगतो की केंद्र कुठून जाईल; त्याच्या बाहेर पाऊस किती पडेल आणि कुणाचं काय भिजेल, हे त्यात नसतंच. पंचवीस तारखेपासून काकांना मी रोज फोन केला होता. त्यात ‘बोट निघेल ना’ या तीन शब्दांपलीकडे गेलो नव्हतो. आणि ते प्रत्येक वेळी, बहुधा याच पडवीतून, “बघूया” म्हणाले होते.

तिसऱ्या दिवशी निघताना काकांनी ॲडव्हान्सचे पैसे पाकिटात घालून पुढं केले. “डायव्हिंग झाला नाय मा.” मी घेईना, ते ऐकेनात. शेवटी हिनं ते पाकीट घेतलं, काकींच्या हातात दिलं आणि म्हणाली, “जानेवारीत येतोय. हा त्याचा ॲडव्हान्स.” आमच्या घरातले सगळे योग्य निर्णय चपला सांभाळणारी व्यक्तीच घेते.

महाचं पुढं काय झालं ते तुम्हाला आठवत असेल. बरंच वर जाऊन ते मागे फिरलं, गुजरातच्या दिशेनं आलं आणि ७ नोव्हेंबरच्या सुमारास किनाऱ्याजवळ येता येता गळपटलं. त्याच्या मी टिकल्या लावल्या नाहीत. एक तर पाकीट संपलं होतं.

जानेवारीत आम्ही परत गेलो. आकाश निळं, समुद्र नितळ, होड्या पाण्यात. मी मास्क लावून खाली गेलो. खडकाशी पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचे मासे होते, एकदम पंचवीस-तीस, आणि ते माझ्या नाकासमोरून असे गेले की जणू शाळा सुटली. माझ्याबरोबरच्या पाणबुड्यानं हातानं विचारलं, कसं वाटतंय? मला इतका आनंद झाला होता की मी दोन्ही हातांचे अंगठे वर केले. त्यानं ताबडतोब मला वर नेलं.

तेव्हा पाण्यात राहिलो एकूण चार मिनिटं. उरलेली सोळा अजून बाकी आहेत आणि त्यासाठी परत जाणार आहे. फक्त आता फोन करायची रीत बदलली आहे. तुम्हीही दिवाळीला कोकणात निघाला असाल आणि समुद्रात काही घोंघावत असेल, तर विंडी बघा, खात्याची पत्रकं वाचा, टिकल्या लावायच्या तर लावा, विचारून घेतलेल्या. पण ज्यांच्या घरी उतरणार आहात त्यांना फोन कराल तेव्हा पहिला प्रश्न बोटीचा नको. “भात कापून झालं का?” एवढं विचारा. जे उत्तर येईल त्यात बोटीचंही उत्तर असतं.